माझी नदी उलटी नाही

‘नदी उलटी वाहतेय, मॅडम. सरळ करून द्या.’

हा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी बाजूला सारून मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं.

निरोप पाठवणारा माणूस पुण्याचा. पटावर खेळायचे खेळ तयार करून विकायचा त्याचा छोटासा उद्योग आहे. राजे, चेटकिणी, पुरलेले खजिने असलं सगळं त्या खेळांत असतं. अशाच एका खेळासाठी त्याला एका काल्पनिक गावाचा नकाशा हवा होता आणि तो मी टॅबवर काढत होते. डाव्या कडेला समुद्र, उजवीकडे लांबवर माळरान, मधून नदी, नदीच्या दोन्ही काठांना गाव आणि नदीवर तीन पूल. गावाला त्याने दिलेलं नाव माझ्या जिभेवर काही केल्या बसत नव्हतं, म्हणून घरात मी त्याला ‘आपलं गाव’च म्हणायचे. तीन आठवडे मी त्या गावात राहत होते म्हटलं तरी चालेल. कुठल्या गल्लीत कुंभार आणि कुठल्या गल्लीत लोहार, हे मला आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गल्ल्यांपेक्षा जास्त पाठ झालं होतं.

निरोपाखाली दुरुस्त्यांची यादी होती. नदी समुद्राला मिळाली पाहिजे, तुमची समुद्राजवळ उगम पावून उलटी माळाकडे चालली आहे. गावाखाली नदीचे दोन फाटे केलेत, ते बरोबर वाटत नाही. नदीची रुंदी सगळीकडे सारखी ठेवा. तीन पूल सारख्या अंतरावर घ्या आणि तिन्हींना कमानी द्या. मधला बुटका पूल चुकून काढल्यासारखा दिसतो, तो काढून टाका, ठेवायचाच असेल तर निदान कठडे लावा. त्या पुलाजवळ पाण्यात उभी असलेली मूर्ती प्रमाणाबाहेर मोठी झाली आहे. शेवटी हात जोडल्याचं चित्र.

हे काम मला माझ्या लेकीमुळे मिळालं होतं. ती कॉलेजात आहे आणि दर रविवारी मैत्रिणींबरोबर असले खेळ खेळत बसते. तिच्या हौसेखातर मी एक नकाशा काढून दिला, तो तिने इंटरनेटवर कुठेतरी टाकला आणि तो या पुण्याच्या माणसाने पाहिला. त्यामुळे यादी वाचल्याबरोबर ती मला समजवायला लागली. तो क्लायंट आहे, त्याला हवं तसं करून दे, नदीच तर फिरवायची आहे, पंधरा मिनिटांचं काम. काम पंधरा मिनिटांचंच होतं, हे मलाही माहीत होतं. पण मी ते करणार नव्हते.

का, ते सांगायचं तर अंबडला जावं लागेल. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं ड्रॉइंग सेक्शनला होते. यंत्रांचे सुटे भाग काढायचे, मापं टाकायची. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात तीन ओळी. पहिल्या ओळीत काढणाऱ्याची सही, दुसऱ्या ओळीत तपासणाऱ्याची, तिसऱ्या ओळीत मंजूर करणाऱ्याची. अठरा वर्षांत मी पहिल्या ओळीच्या खाली कधी उतरले नाही. त्या ओळीतसुद्धा माझं पूर्ण नाव नसे, फक्त दोन अक्षरं.

एकदा एका ब्रॅकेटच्या ड्रॉइंगवर वरच्या साहेबांनी लाल पेनने दुरुस्ती केली. दोन भोकांमधलं अंतर बदललं. मला बघताक्षणीच कळलं की हे असं केलं तर बोल्ट बसणार नाही. मी जाऊन सांगितलं. साहेब मान वर न करता म्हणाले, ‘तुम्ही काढा. विचार करायला आम्ही आहोत.’ मी परत जागेवर आले आणि काढलं. भाग तयार झाले, बोल्ट बसले नाहीत, सगळा लॉट भंगारात गेला. मग चौकशी झाली आणि ड्रॉइंग कुणी काढलं, याचं उत्तर चौकटीच्या पहिल्या ओळीत लिहिलेलंच होतं. सगळ्यांसमोर मला बोलणी बसली. पण मला आजही लाज वाटते ती त्या बोलण्यांची नाही. बरोबर असलेली रेघ मी माझ्या हाताने पुसली, याची वाटते.

पुढे ड्रॉइंगचं काम कारखान्याने बाहेर द्यायला सुरुवात केली, सेक्शन बंद झाला आणि आम्ही घरी बसलो. हा नकाशा म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या डोक्यातून काढलेली गोष्ट. तिच्यातही कुणी लाल पेन घेऊन यावं आणि मी पुन्हा मुकाट्याने पुसावं? मग अठरा वर्षांत मी शिकले तरी काय?

म्हणून मेथी तशीच टाकून मी त्याला उत्तर लिहिलं. नदी बरोबर आहे. आमची गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, तिथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे म्हणा ना. पण ती त्याला भीक घालत नाही. त्याच्याकडे पाठ फिरवते आणि अख्खा देश ओलांडून पलीकडच्या समुद्राला जाते. विश्वास नसेल तर येऊन बघा.

त्याचं उत्तर सभ्य होतं, त्याचाच जास्त राग आला. गोदावरीचं ठीक आहे मॅडम, पण या नकाशातली नदी तशी का वळते, ते खेळणाऱ्याला कसं कळणार?

मी मोबाइल उपडा ठेवला. लेकीला मी सांगून टाकलं की पुण्याच्या लोकांना नदी म्हणजे काय हे माहीत नसतं. ती हसली आणि म्हणाली, त्यांच्याकडे दोन आहेत. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टॅब पुढ्यात घेऊन नुसतीच बसले होते. शेजारी आई तांदूळ निवडत होती. आई माझ्याकडेच असते. तिचं माहेर पेठ तालुक्याच्या गावापलीकडे, घाट उतरून खाली. भात आणि नागली पिकवणारं घर. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती टोळीबरोबर द्राक्षांच्या हंगामात निफाडला मजुरीला यायची. पुढे वडिलांना नाशिकात काम मिळालं आणि आम्ही इथलेच झालो. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नाही. सही तेवढी करते, ती पेन्शनच्या कागदांसाठी शिकलेली.

तिने ताट खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि टॅब स्वतःकडे ओढून घेतला. हा समुद्र का, असं विचारलं. समुद्र तिने कधी पाहिलेला नाही, पण निळं एवढं पसरलेलं दुसरं काय असणार, असं म्हणाली. मग तिने बोट नदीवर ठेवून समुद्राच्या बाजूने माळाकडे फिरवलं आणि पुन्हा परत आणलं.

‘समुद्र हा इकडं, आन् नदी चालली तिकडं,’ ती म्हणाली. ‘मग मधी डोंगर कुठं हाय?’

मी नकाशाकडे बघतच राहिले. डोंगर नव्हता. मी काढलाच नव्हता. नाशिकात वाढलेल्या माणसाला पश्चिमेकडे डोंगर आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, तो असतोच. मी लहानपणापासून तो इतका गृहीत धरलेला की गल्लीतला लोहारसुद्धा जागेवर होता आणि अख्खा सह्याद्री राहून गेला होता. डोंगराशिवाय त्या सपाट किनाऱ्यावरून नदी उलटी कशाला जाईल? पुण्याच्या माणसाने विचारलेला प्रश्न रास्त होता. हे कळल्यावर मला आधी हसू आलं आणि मग चांगलीच चरफड झाली.

आईचं चालूच होतं. तिच्या माहेरची नदी समुद्राकडेच जाते म्हणे, लय जोरात, दगड घेऊन. ‘पाऊस येकच,’ ती म्हणाली. ‘डोंगराच्या त्या अंगाला पडला तर माझा, ह्या अंगाला पडला तर तुझा.’

मी पेन उचललं. नदी तसूभरही हलवली नाही. समुद्र आणि उगम यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत डोंगराची रांग ओढली, समुद्राकडची बाजू तुटलेल्या कड्यांची आणि माळाकडची उतरती. त्या रांगेच्या पलीकडे एक छोटी, उतावळी नदी काढली आणि तिला सरळ समुद्रात सोडली. ती आईची. एका दुपारी नकाशा असा जागेवर आला की माझं मलाच बरं वाटलं.

यादीतलं आणखी एक म्हणणं बरोबर होतं आणि ते मी मुकाट्याने मान्य केलं. गावाखाली मी नदीचे दोन फाटे केले होते, नुसते छान दिसतात म्हणून. नद्या येऊन मिळतात, अशा मनाला येईल तिथे फुटत नाहीत. एक फाटा पुसला. रुंदीचं मात्र मी ऐकलं नाही. सगळीकडे सारखी रुंद असते तो कालवा. नदी उगमाशी केसाएवढी बारीक, ओढे मिळत जातील तशी जाड, खडकातून जाताना अरुंद. वळणावर बाहेरचा काठ तुटलेला, आतल्या बाजूला वाळू. मी रेघ न रेघ पुन्हा काढली. दोन उंच पूलही हलवले, कारण ते मी घाईत वळणावर टाकले होते. तुटणाऱ्या काठावर पुलाचा पाया कोण घालेल? ते खडकाच्या अरुंद जागी नेले, त्यामुळे ते सारख्या अंतरावर आले नाहीत ते नाहीतच. पूल म्हणजे काय सदऱ्याच्या गुंड्या आहेत?

राहिला बुटका पूल. त्याच्यासाठी मी आईला घेऊन गंगेवर गेले. नाशिकचा माणूस गोदावरी असं फक्त परीक्षेच्या पेपरात लिहितो, तोंडाने गंगाच म्हणतो. तिथले सांडवे, म्हणजे पाण्याला जेमतेम टेकलेले दगडी पूल, मी हजार वेळा ओलांडले असतील. पण त्या दिवशी पहिल्यांदा काढायच्या नजरेने बघितले. दगड कसे बसवलेत, पाणी कुठून जातं, कडा कशा झिजल्यात. मी पावलांनी रुंदी मोजत होते. लोक बाजूने जात होते, एका बाईने काही हरवलं का म्हणून विचारलं. आई मधोमध उभी राहून पायाने दगड चाचपत होती.

तिला मी सांगितलं की तो माणूस याला कठडे लावा म्हणतोय. तिने मला वेड्यात काढलं. ‘कठडा नाय म्हणून तर टिकला,’ ती म्हणाली. ‘पुरात झाडं वाहून येत्यात. कठड्याला अडकली की पूलच घिऊन जात्यात.’ त्यांच्याकडच्या ओढ्यावरच्या फरशीवर, म्हणजे असल्याच बुटक्या पुलावर, कुणीतरी हौसेने लोखंडी कठडा बसवला होता, तो एका पावसाळ्यात फरशीच्या अर्ध्या दगडांसकट गेला, अशी गोष्ट मग तिने परतीच्या रिक्षात सविस्तर सांगितली.

आणि मूर्ती. यादीत ज्या मूर्तीला प्रमाणाबाहेर म्हटलं होतं, ती मी आमच्या दुतोंड्या मारुतीवरून घेतली होती. तो नदीच्या पात्रातच उभा आहे, चांगला दांडगा. पूर आला की नाशिकात कुणी फूट आणि मीटर विचारत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला आलं का, छातीपर्यंत गेलं का, एवढंच विचारतात. पुढचं, म्हणजे कामाला जायचं की नाही, दुकानातला माल वर चढवायचा की नाही, ते त्यावर ठरतं. माझ्या लहानपणी वडील घरात शिरले की आई आधी तेच विचारायची. तो छोटा करा म्हणजे काय? आमची मोजपट्टी आहे ती.

सगळं नव्याने काढून, मूर्ती कशासाठी तेही लिहून, मी नकाशा पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. डोंगर बघून तो खूश होता. आता नदी कशी अगदी पटते, असं म्हणाला. ती पहिल्यापासूनच बरोबर होती, राहिला होता तो डोंगर, आणि ती चूक माझी, हे मी सांगून टाकलं. मग गाडी बुटक्या पुलावर आली. त्याचं म्हणणं असं की मूर्तीच्या गुडघ्याच्या रेषेखाली पूल, म्हणजे खेळात पूर आला की तो बुडणार. मग खेळणाऱ्याची सोंगटी अर्ध्या वाटेत अडकणार, लोक वैतागणार, खेळ टाकून देणार.

‘अडू द्या,’ मी म्हटलं. ‘गाव असंच अडतं. लांबच्या पुलाने जातील, नाहीतर पाणी उतरायची वाट बघतील.’

‘पण बुडणारा पूल कशाला हवा, मॅडम?’

‘कारण तो दरवर्षी बुडतो आणि दरवर्षी तिथेच सापडतो,’ मी म्हटलं. ‘तुमचे कमानीचे दोन दिसायला आहेत. रोज दळण घेऊन बाया जातात त्या याच्यावरून.’

मग त्याने सरळच सांगितलं. पूल काढून टाकला तर काम आजच पक्कं. नसेल काढायचा तर त्याला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.

लेक समोर उभी राहून हाताने ‘हो म्हण, हो म्हण’ असं करत होती. टॅबवर तो पूल एका बोटाने पुसता आला असता, कारण तो वेगळ्या थरावर काढलेला होता. खाली नदी तशीच राहिली असती आणि कुणालाही काही कळलं नसतं. ते ब्रॅकेटही मी असंच मुकाट्याने काढून दिलं होतं, साहेब म्हणाले म्हणून. मी म्हटलं, ‘तुम्ही खुशाल दुसरं कुणी बघा. पण तो पूल माझ्या हातून पुसला जाणार नाही. आणि नदी, डोंगर, गल्ल्या, सगळं माझं आहे. ते दुसऱ्याला द्यायचं नाही.’ लेक दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

त्याच दिवसांत मी नकाशा पूर्ण केला. कुणी मागितला नव्हता तरी केला. खालच्या उजव्या कोपऱ्यात सवयीने चौकट ओढली, तीन ओळींची, काढलं, तपासलं, मंजूर असं लिहिलेली. असल्या नकाशांत त्या कोपऱ्यात दिशांचं चक्र असतं नाहीतर आग ओकणारा प्राणी, हे लेकीने मला पूर्वीच सांगितलेलं. मी चौकटच ठेवली. पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं, यावेळी पूर्ण. तिसरी ओळ रिकामी सोडली. आई बाजूला बसून बघत होती. हे काय, म्हणून तिने विचारलं आणि मी तिन्ही ओळींचा अर्थ सांगितला.

‘मग तपासलं कुणी?’ तिने विचारलं.

‘तूच की,’ मी म्हटलं.

तिने पेनसाठी हात पुढे केला. कागदावर ती व्यवस्थित सही करते, पण काचेवर पेन घसरायला लागलं. पहिलं अक्षर लांबत गेलं, दुसरं त्याच्यावर चढलं, शेवटच्याचं नुसतंच शेपूट झालं. ती पुसून पुन्हा करू म्हणाली. मी टॅब काढून घेतला आणि म्हटलं, राहू दे. पूल ठेवून घ्यायचा तर घ्या, असं लिहून नकाशा तसाच पुण्याला पाठवून दिला.

पाचव्या दिवशी पुण्याहून निरोप आला. त्याने घरी चार जणांना बसवून खेळ लावून बघितला होता, पूल बुडेल असा नियम घालून. दोघं जण पलीकडच्या काठावर अडकले आणि तास-दीड तास भांडले. पूर मूर्तीच्या कमरेपर्यंत गेला तेव्हा तर ओरडाआरडा झाला. पूल राहू द्या, असं त्याने लिहिलं होतं. कठडे नकोत. मूर्तीही आहे तशीच. चौकटीतल्या तिसऱ्या ओळीत त्याचं नाव घालायचं, मंजूर.

लेकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला मिठी मारली. मी तिला पुढचं वाच म्हटलं, कारण खाली अजून एक ओळ दिसत होती. अशा माणसांची एखादी तरी दुरुस्ती उरतेच.

‘फक्त चौकटीच्या दुसऱ्या ओळीत काहीतरी डाग पडलाय, मॅडम. तेवढा साफ करून द्या.’

आई पलीकडे बसून तांदूळच निवडत होती. मी लेकीच्या हातातून मोबाइल घेतला आणि उभ्याउभ्या लिहिलं: ‘तो डाग नाही. ती तपासणाऱ्याची सही आहे. ती निघणार नाही.’